ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड की एक्स्पेडिशन ३३? डिस्कवर एकालाच जागा आहे

वहीवाला

मंडळी, सल्ला हवाय: दोन व्हिडिओ गेमपैकी कुठला टाकू? "दोन्ही खेळा" हे उत्तर चालणार नाही, म्हणून आधीच सांगतो: डिस्कवर १४० जीबी मोकळी आहे. ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड १२५ मागतो, क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३ पंचावन्न. बाकी काहीही उडवायची माझी तयारी नाही. तिथे फोटो आहेत.

वेळ म्हणाल तर रात्री साडेदहा ते साडेअकरा. आठवड्यातून चार दिवस, तेही नशीब बरं असेल तर. मधेच उठावं लागतं. कधी कधी आठ-दहा दिवसांचा खंड पडतो.

आता गोम. २००६ मध्ये मूळ ऑब्लिव्हियन आला तेव्हा मी कॉलेजात होतो. परवा कपाट आवरताना तेव्हाची वही सापडली. दोनशे पानी, आखीव. प्रत्येक पानावर आठ रकाने: ताकद, बुद्धी, मनोबल, चपळाई, वेग, दम, छाप, नशीब. आणि खाली पेन्सिलीच्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

ज्यांनी तो खेळ तेव्हा खेळला नाही त्यांना हे वेडगळ वाटेल. एकवीस कौशल्यं असायची, त्यातली सात "मुख्य" म्हणून निवडायची. त्या सातांत मिळून दहा वाढी झाल्या की कुठल्यातरी बिछान्यात झोपायचं, उठलं की लेव्हल वाढलेली. पण त्या वेळी ताकद किती वाढणार हे ठरायचं त्या लेव्हलमध्ये ताकदीखालची कौशल्यं किती वाढली त्यावरून. एक ते चार वाढी झाल्या तर २ गुण, पाच ते सातला ३, आठ-नऊला ४, आणि पुऱ्या दहा झाल्या तरच ५. तीन रकान्यांत पाच-पाच हवे असतील तर तीस रेघा मोजायच्या, आणि तीस होईपर्यंत झोपायचं नाही.

माझं पात्र म्हणजे एक आर्गोनियन. सरड्याच्या तोंडाचा चोर. तो बिचारा कायम जागा. कोणीतरी झोपलेलं घर गाठायचं, भिंतीला तोंड लावून दबकत चालत ठेवायचं, पुढे जायच्या बटणात पुठ्ठ्याचा तुकडा खोचायचा आणि मी अंघोळीला जायचो. परत येईपर्यंत दोन-तीन रेघा.

असा मी १४० तास खेळलो. मुख्य कथा एक पाऊल पुढे गेली नाही. सम्राटाने मरता मरता हातात दिलेला ताईत शेवटपर्यंत माझ्या पिशवीत पडून होता.

ती वही चाळल्यापासून रीमास्टर डोक्यातून जात नाहीये. पण ओळखीतला जो तो एक्स्पेडिशनचं नाव घेतोय. २०२५ चा गेम ऑफ द इयरही तोच. दोन्ही खेळ एकाच महिन्यात, एप्रिल २०२५ मध्ये, दोन दिवसांच्या अंतराने आले, म्हणजे मला छळायचा कट जुनाच आहे. एक्स्पेडिशन टर्न-बेस्ड आहे, म्हणजे आळीपाळीने वार करायचे, हे मला आवडलं. पण ऐन क्षणी बटण दाबून वार अडवावा लागतो असंही ऐकलं. चाळिशीतल्या हातांना ती घाई झेपेल का?

कथा फोडू नका. वीस वर्षं जुन्या खेळाचीही नको, सांगितलं ना, मी ती पाहिलीच नाही.

काचेचंचिलखत

वही परत कपाटात ठेवा. रीमास्टरमध्ये तो हिशोबच काढून टाकलाय. आता लेव्हल वाढली की सरळ १२ गुण हातात येतात. तीन रकान्यांत वाटायचे, एकाला जास्तीत जास्त पाच. फक्त नशीब महाग आहे, तिथे एका गुणाला चार मोजावे लागतात. आणि मुख्य नसलेली कौशल्यंही आता लेव्हलला धरतात. भिंतीला तोंड लावून काही मिळत नाही असं नाही, पण गरज उरलेली नाही. तुमचा सरडा झोपू शकतो.

जे बदलायला हवं होतं ते मात्र तसंच ठेवलंय. तुम्ही वाढता तसं जगही वाढतं. रस्त्यावरचा लुटारू अजूनही अंगावर राजाला परवडणार नाही असं काचेचं चिलखत घालून येतो आणि शंभर मोहरा मागतो. अरे बाबा, त्यातला एक गुडघा विक की!

(माझं नाव त्याच्यावरूनच आहे.)

दुसरीखेळी

मी दोन्ही खेळलेय. रीमास्टर साठेक तास, एक्स्पेडिशन एकदा पूर्ण आणि दुसऱ्यांदा अर्ध्यावर. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रीमास्टर म्हणजे नेमकं काय ते आधी बघा. आतला खेळ मूळचाच चालतो, त्याच जुन्या इंजिनावर, आणि डोळ्यांना दिसतं ते सगळं अनरियल इंजिन ५ रंगवतं. म्हणजे घर जुनंच, गिलावा नवा. त्यामुळे माणसं अजून तशीच वागतात: भररस्त्यात दोघं समोरासमोर येतात, चिखलातल्या खेकड्यांविषयी दोन वाक्यं बोलतात आणि एकदम पाठ फिरवून चालू लागतात. तुम्हाला हे हवंच असेल. धावता येतं आता, ही मोठी सोय. तलवार लागली की लागल्यासारखी वाटते. वेगवेगळ्या वंशांसाठी नवे आवाज घेतलेत. पण राजधानीच्या मंदिरातली ती बाई आठवते का, जिचं वाक्य चुकतं आणि "थांबा, हे परत म्हणते" असं म्हणून ती पुन्हा सुरू करते? ते रेकॉर्डिंगमधलं मूळचं चुकलेलं वाक्य त्यांनी तसंच राहू दिलंय. ते ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

सुरुवातीला गटारातून बाहेर पडतानाचं दृश्य, समोर तळं आणि पलीकडच्या काठावर पांढरे पडके खांब, ते आजही छाती भरून येईल असंच आहे. फक्त रंग बदललाय. मूळ खेळात गवत इतकं हिरवं होतं की डोळे दुखायचे, आता सगळ्यावर तपकिरी छटा आहे. देखणं आहे, पण माझ्या आठवणीतलं ते ऊन गेलं. आणि उघड्या माळावर घोडा पळवला की माझ्या मशीनवर चित्र अडखळतं. शहरात, गुहेत ठीक.

आता तुमच्या एका तासाविषयी. ऑब्लिव्हियन कुठेही सेव्ह होतो, त्यामुळे उठायला सोपा. परत बसायला अवघड. आठ दिवसांनी उघडलं की आपण एका टेकडीवर उभे, पिशवीत सतरा वांगी आणि तीन कवट्या, कुठे निघालो होतो पत्ता नाही. कामांच्या नोंदी असतात, बाण असतो, पण नोंदीत आपला बेत नसतो ना. मी शेवटी एक नियम केला: एका रात्री एकच काम, आणि ते संपल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही. तेव्हा कुठे खेळ जमला. कारण या खेळाचा खरा जीव त्या सुट्या कामांतच आहे. शेडिनहॉल गावात एका चित्रकाराची बायको भेटते. नवरा खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही, दार आतून बंद. आत जाऊन बघावं तर अर्धवट चित्र, आणि त्या चित्रात पाऊल टाकता येतं! आत सगळं जग रंगाच्या फटकाऱ्यांचं. झाडंही आणि अंगावर येणारे राक्षसही. त्यांच्यावर कशाने मात करायची, तर टर्पेंटाइनने. हे सगळं पाऊण तासात होतं. साडेदहाला सुरू केलं की साडेअकराला झोप.

एक्स्पेडिशनही चित्राचाच खेळ आहे, हा योगायोग मला फार आवडतो. एक चित्रकर्ती दरवर्षी एका प्रचंड शिळेवर आकडा लिहिते, वर्षागणिक एकाने कमी, आणि त्या वयाची सगळी माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. खेळ सुरू होतो तेव्हा ती ३३ लिहिते. एवढं पहिल्या अर्ध्या तासातच कळतं, म्हणून कथा फोडली असं म्हणू नका. तुम्ही-मी त्या शहरात केव्हाच उडून गेलो असतो.

लढाई अशी: आपली पाळी आली की घड्याळ थांबलेलं. चहाचा कप धुऊन या, शत्रू वाट बघतो. त्याची पाळी आली की मात्र प्रत्येक वाराला एकतर चुकवायचं किंवा पॅरी करायची, म्हणजे ऐन क्षणी बटण दाबून वार अडवायचा. चुकवण्याची फट रुंद, पॅरीची अरुंद. पॅरी जमली की एक एपी मिळतो, म्हणजे आपल्या पाळीला मोठा डाव टाकायला इंधन. आणि त्या फेरीतले सगळे वार पॅरी केलेत तर उलटा तडाखा.

पण मी तुम्हाला हा खेळ सुचवतेय तो वेगळ्याच कारणाने. त्यात पिक्टो नावाच्या वस्तू आहेत. प्रत्येक पात्राला तीन लावता येतात आणि प्रत्येकीचा एक गुण असतो, उदाहरणार्थ वार अगदी नेमका चुकवला तर एक एपी. ती वस्तू अंगावर ठेवून चार लढाया जिंकल्या की तो गुण "शिकला" जातो, मग तुकडीतला कोणीही ल्युमिना नावाचे पॉइंट खर्चून तो वापरू शकतो, वस्तू न लावता. म्हणजे काय? कोणाच्या अंगावर काय, किती लढाया झाल्या, किती राहिल्या, कोणाकडे किती ल्युमिना शिल्लक. वहीवाले, हा खेळ तुमच्यासारख्यांसाठीच रचलाय हो.

निवांतनाही

ताईंनी छान लिहिलंय, पण मला उलटं सांगायचंय. मी एक्स्पेडिशन सोडला. नावडला म्हणून नाही, हरलो म्हणून.

शत्रू मारायला हात उचलतो. तुम्ही बटण दाबता. तो हात तसाच वर धरून उभा राहतो. मग मारतो. पुढच्या वेळी तुम्ही थांबता, तर तो या वेळी थांबत नाही. एका म्होरक्यापाशी मी तीन रात्री घालवल्या, आणि तिसऱ्या रात्री बायकोने विचारलं, "हे तू मजेसाठी करतोयस ना?" उत्तर देता आलं नाही.

मग सगळ्यात सोप्या पातळीवर, स्टोरीवर नेलं. तिथे मार कमी बसतो, जमतं. पण दुसरी अडचण खंडाची. त्या प्रदेशांमध्ये आतला नकाशाच नाही. कोपऱ्यात छोटाही नाही. मोठ्या जगाचा आहे, पण एकदा एखाद्या जागेत शिरलात की डोळ्यांवर आणि आठवणीवर भरवसा. रोज खेळणाऱ्याला ते मोहक वाटत असेल. मी बारा दिवसांनी आलो आणि अर्धा तास त्याच त्या निळ्या पाण्याखालच्या दगडांतून गोल गोल फिरलो. कुठून आलो, कुठे जायचं, काही नाही. तुमचा अख्खा तास असाच जाईल.

ऑब्लिव्हियनमध्ये निदान हरवलो तरी काहीतरी सापडतं.

रेतीघड्याळ

एक बावळट प्रश्न. मूळ ऑब्लिव्हियनला ४.६ जीबी लागायचे. तो अजून मिळतो. वहीही तयार आहे. मग अडलंय कुठे?

वहीवाला

रेतीघड्याळ, तुमचा प्रश्न वाचून मी पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसलो. ५५ आणि ४.६. बेरीज मला येते असं वाटत होतं. मागे घेतो.

काचेचंचिलखत यांनी लिहिलेलंही डोक्यात अडकलंय. रीमास्टरमध्ये रेघा माराव्या लागत नाहीत हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. थोडं फसवल्यासारखंच वाटलं. म्हणजे जो त्रास तेव्हा नकोसा होता तोच मी वीस वर्षं जपून ठेवला की काय?

दुसरीखेळी, निवांतनाही म्हणतात त्याचं काय? दहा दिवसांचा खंड पडला की हात विसरतात का?

दुसरीखेळी

विसरतात. निवांतनाहींचं नकाशाचंही अगदी खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. माझा उपाय असा: उठायच्या आधी जवळच्या झेंड्यापाशी जायचं. तिथे विसावा घेतला की औषधं भरतात, आणि मारलेले शत्रूही परत उभे राहतात. लोक याला वैतागतात, पण खंडानंतर तेच कामाला येतं. परत आलात की पुढे न जाता त्याच ओळखीच्या शत्रूंशी दोन लढाया करायच्या. हाताला आठवतं.

आणि पहिले काही तास पॅरीच्या नादी लागूच नका. नुसतं चुकवा. चुकवणं अगदी नेमकं साधलं की पडद्यावर तसं दिसतं. ते दिसलं म्हणजे समजा, या क्षणी पॅरीही लागली असती. तेच दहातून सात वेळा दिसायला लागलं की मग पॅरीकडे वळा. आणि डोळ्यांपेक्षा कानावर जा. हात कितीही वेळ वर धरू देत, खरा वार सुटताना आवाज येतो. हेडफोन लावा.

आपल्या वाराच्या वेळी दाबायची बटणं सेटिंगमध्ये आपोआप करता येतात. चुकवणं मात्र स्वतःलाच करावं लागतं.

काचेचंचिलखत

मूळ खेळणारच असाल तर एक ऐका. या वेळी ताईत पोहोचवा, आणि क्वाच गावाला लवकर जा. लहान लेव्हलला तिथल्या जादूच्या दारातून राक्षसांची किरकोळ पिल्लं बाहेर येतात. तुमच्यासारखं १४० तास भिंत घासून गेलात तर तिथे जे उभं असतं ते मगरीच्या तोंडाचं आणि आग ओकणारं असतं. जग तुमच्याबरोबर वाढतं ते असं अंगाशी येतं.

वहीवाला

तीन आठवडे झाले, हिशोब द्यायला आलोय.

दोन्ही डिस्कवर टाकले. म्हणजे एक्स्पेडिशन आणि मूळ ऑब्लिव्हियन. ८० जीबी अजून मोकळी आहे, रोज एकदा बघतो.

मूळ खेळात नवा सरडा केला. पहिली लेव्हल आली, वही उघडली, रकाने आखले. तीन रेघा मारल्या आणि कंटाळा आला. खरंच आला. त्याला घेऊन सरळ मठात गेलो, ताईत देऊन टाकला आणि वाटेत दिसेल त्या बिछान्यात झोपत क्वाचला पोहोचलो. पिल्लंच होती. चर्चमध्ये आडोशाला बसलेली माणसं बाहेर काढली. त्यातल्या एकाशी बोलताना लक्षात आलं की हा आवाज मी कॉलेजात कधी ऐकलाच नव्हता. एवढी गोष्ट होती तर तिथे! तो खेळ आता रविवारी दुपारी चालतो, लेक शेजारी बसून प्रत्येक घरातली ताटं चोरायला सांगते.

रात्रीचा तास एक्स्पेडिशनला. निवांतनाही, तुमच्यासारखाच मीही तो हात वर धरून थांबणारा प्रकार बघून पहिल्या दिवशी शिवी दिली. दुसऱ्या दिवशी वही घेतली. पान मधोमध दुमडून डावीकडे शत्रूचं नाव, उजवीकडे त्याच्या माऱ्याच्या मात्रा: वाराला टिंब, थांबला तर रेघ. टिंब टिंब रेघ टिंब. दोनदा मेलो की तिसऱ्यांदा लिहून होतं, आणि लिहून झालं की हाताला कळतं. आठ दिवसांचा खंड पडला मागच्या आठवड्यात. पान उघडलं, टेबलावर बोटाने दोनदा वाजवून पाहिलं, पहिल्या वाराला चुकलो, बाकीचे अडवले. पिक्टोंचं वेगळं पान आहे, चार-चारच्या रेघांचं. पेन्सिलही तीच असावी असं मला म्हणायचं होतं, पण ती नाही, लेकीची आहे, वर ससा असलेली.

नकाशा नसल्याने मीही हरवलो. दोनदा. त्याला वही लागू पडत नाही.

आता अडलोय ते त्या मुक्या नटापाशी. पांढऱ्या तोंडाचा, कोपऱ्यात एकटाच उभा असतो तो. त्याच्या सगळ्या मात्रा लिहून झाल्या, एकही वार लागत नाही, पण तो अंगाभोवती काहीतरी आवरण घेतो आणि माझे वार म्हणजे नुसत्या गुदगुल्या. चाळीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना काही करू शकलो नाही.

दुसरीखेळी

त्याला ब्रेक करावं लागतं. त्याच्या जीवाच्या पट्टीखाली एक पिवळी पट्टी आहे, ती आधी पूर्ण भरू द्या. मग तुकडीतल्या गुस्तावचा ओव्हरचार्ज नावाचा डाव मारा, आवरण फुटेल. आधी मारलात तर वाया जातो.

वहीवाला

पिवळी पट्टी. मी तिला नक्षी समजत होतो.